प्रकल्प नोंदी: टर्बो इंजिनला ऑइल फिल्टर कुठला

३ नोव्हेंबर

माझ्या ट्रॅकवर पळवायच्या गाडीचं इंजिन मशीनशॉपमधून परत आलं एकदाचं. दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो, मागच्या सीझनला तिसऱ्या नंबरचं बिगएंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड आणि क्रँकच्या मधलं) गेलं होतं तेच. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, पॉलिशवर निभावली, नशीब. आता बेअरिंग, रिंगा, ऑइल पंप सगळं नवीन, आणि ऑइल कूलर पण नवीन घेतला कारण बेअरिंग गेलेल्या इंजिनचा जुना कूलर कितीही धुवा, त्याच्या पोटातनं चुरा कधी बाहेर पडेल याचा भरवसा नाही.

इंजिन बांधणारे दादा (वयाने मोठे, सगळेच दादा म्हणतात) बोल्ट टाइट करता करता म्हणाले, "फिल्टर कुठला लावणारेस रे?" मी म्हटलं, मिळेल तो लावू, फिल्टरच तर आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं आणि परत टॉर्क रेंच हातात घेतला. त्या बघण्यामुळे ही वही सुरू झालीये.

५ नोव्हेंबर

जुने फिल्टर मी फेकत नाही, खोक्यात पडून असतात, बायको त्यावरून बोलते पण आज कामाला आले. दोन होते. एक बेअरिंग गेलं तेव्हा इंजिनवर असलेला, दुसरा त्याच्या आधीचा, दोन्ही एकाच मेकचे. पहिला व्हाइसमध्ये धरला आणि सरळ हॅकसॉ चालवली. मोठी चूक. डबा पत्र्याचा, त्याचा कीस सगळा आत घड्यांमध्ये सांडला, आता बेअरिंगचा चुरा कुठला आणि माझ्या ब्लेडचा कुठला कसं ओळखणार. लोहचुंबक फिरवून पत्र्याचा कीस काढला, पण त्याबरोबर क्रँकचं स्टील असेल तर तेही गेलंच. चुंबकाला न चिकटलेलं जे उरलं ते पातळ, चपटे, करडे तुकडे आणि मधेमधे तांब्याची झाक. ते बेअरिंगचंच, त्यात शंका नाही.

यावरून एक लक्षात आलं, फिल्टरच्या बाहेरून चुंबक चिकटवून निर्धास्त बसणारे बरेच आहेत (मीही त्यातलाच). बेअरिंगचा थर ॲल्युमिनियमचा नाहीतर तांबं-शिसं-कथिलाचा, त्याला चुंबक काय करणार.

८ नोव्हेंबर

फिल्टर कटर आणला. टिनचा डबा उघडायच्या चावीसारखाच प्रकार, चाक गोल फिरतं, कीस पडत नाही. दुसरा फिल्टर त्याने कापला. घड्यांचा कागद सुरीने वरखाली दोन्ही टोकांना सोडवला, लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये दाबून तेल पिळून काढलं आणि पांढऱ्या कागदावर अकॉर्डियनसारखा पसरला. धातू जवळजवळ नाही, म्हणजे तोपर्यंत बेअरिंग ठीक होतं. पण घड्या! एका बाजूच्या सगळ्या घड्या मधल्या जाळीच्या नळीवर चपट्या होऊन चिकटलेल्या, पावसात भिजलेल्या वहीसारख्या. पाच तारखेला कापलेला परत उचलून बघितला तर त्यातही तेच, त्या दिवशी चुऱ्याच्या नादात लक्षच गेलं नव्हतं.

घडी अशी बसते म्हणजे कागदाच्या दोन बाजूंच्या प्रेशरमध्ये फरक खूप झाला. आणि फरक तेवढा होऊ नये म्हणूनच तर फिल्टरमध्ये बायपास व्हॉल्व्ह असतो, फरक वाढला की तेल न गाळताच पुढे सोडणारी झडप. मग तो काय करत होता?

९ नोव्हेंबर

उत्तर मिळालं आणि मान खाली गेली. तो फिल्टर माझ्या इंजिनचा नव्हताच. दुकानात "हाच बसतो" म्हणून मिळाला, आणि बसत होता हे खरंय, आटे तेच, एम२० बाय १.५, रबर रिंगचा व्यासही तोच, उंची पण जवळपास सारखी. फरक एकच, त्याचा बायपास २२ पीएसआयला (पीएसआय आणि बार ही प्रेशरची मापं) उघडतो, आणि माझ्या इंजिनला कंपनीने सांगितलेला १ बारला म्हणजे साडेचौदाला. दुसऱ्या कुठल्यातरी इंजिनसाठी ते २२ बरोबरच असेल, तिथे कागद आणि पंपही त्या हिशोबाचे असतील. काही इंजिनांमध्ये तर बायपास ब्लॉकमध्येच असतो आणि फिल्टरमध्ये नसतोच, तसला फिल्टर आटे जुळले म्हणून माझ्यावर चढवला असता तर बायपासच नाही.

बेअरिंग यामुळेच गेलं असं मी म्हणणार नाही, गारठ्यात इंजिन चालू केल्या केल्या पिळायची सवय माझीच होती. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी नसत्या तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर

तीन रात्री फिल्टरचं वाचतोय. बॉक्सवर मोठ्या अक्षरात "१० मायक्रॉन" लिहिलेलं असतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्याला एकट्याला काही अर्थ नाही. १० मायक्रॉनचे किती टक्के कण अडवतो ते सांगा ना. अर्धे अडवले तरी "१० मायक्रॉन" आणि ९९ टक्के अडवले तरी "१० मायक्रॉन", पहिल्याला नॉमिनल म्हणतात, दुसऱ्याला लोक ॲब्सोल्यूट म्हणतात. खरा आकडा बीटा. फिल्टरच्या आधी ठराविक साइजचे कण किती आणि नंतर किती, यांचा भागाकार. बीटा २ म्हणजे ५० टक्के अडवले, २० म्हणजे ९५, ७५ म्हणजे ९८.७, १०० म्हणजे ९९. यासाठी आयएसओ ४५४८-१२ नावाची टेस्ट आहे, तेल धूळ घालून घालून फिल्टरमधून परत परत फिरवतात आणि मोजतात. ज्या फिल्टरचा माहितीचा कागद "अमुक टक्के, तमुक मायक्रॉनला, या टेस्टप्रमाणे" असं तीनही सांगतो तोच मी यादीत ठेवला. "अल्टिमेट प्रोटेक्शन" लिहिलेले चार गळाले.

एवढा बारीक फिल्टर हवा तरी कशाला? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. बेअरिंग आणि क्रँकमधला तेलाचा थर लोड आला की काही मायक्रॉनवर येतो. म्हणजे डोळ्याला न दिसणारा, १० ते २० मायक्रॉनचा कण नेमका त्या फटीत घुसायच्या मापाचा, तोच घासतो. १९८८ साली जनरल मोटर्सच्या लोकांनी मुद्दाम धूळ घातलेल्या तेलावर इंजिनं चालवून बघितली होती, ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० वाल्याने झीज ५० टक्के कमी, १५ वाल्याने ७० टक्के. आपल्या इंजिनात कोणी मुठीने धूळ टाकत नाही त्यामुळे ते टक्के जसेच्या तसे धरू नयेत, पण दिशा कळते.

पण बारीक जाळी म्हणजे तेल जायला त्रास, मग बायपास उघडणार, आणि बायपास उघडला की जे तेल जातं ते गाळलेलं नसतंच. म्हणजे ९९ टक्केवाला फिल्टर बायपासवर चालला तर त्याचे टक्के बॉक्सवरच राहिले. गंमत म्हणजे सुरुवातीचे फिल्टर असेच होते. १९२३ ला अर्नेस्ट स्वीटलँड या अमेरिकन संशोधकाने जो प्युरोलेटर काढला (नाव म्हणे "प्युअर ऑइल लेटर" वरून) त्यात बरंचसं तेल थेट इंजिनला जायचं आणि थोडंसंच फिल्टरमधून फिरायचं. शंभर वर्षांनी मी तेच करत होतो, न कळत.

तेव्हा मला मायक्रॉन नाही, माझ्या इंजिनवर बायपास कधी उघडतो ते मोजायचंय.

१६ नोव्हेंबर

तीन फिल्टर ठरवले, तिघांचेही आटे, रिंग जुळतात हे या वेळी स्वतः कॅलिपर लावून बघितलं.

अ: कंपनीचा, कागद आणि सिंथेटिक मिक्स, बायपास १ बार.
ब: त्याच आट्यांचा पण जवळपास दीडपट उंच, पूर्ण सिंथेटिक मीडिया (गाळणारा थर), मागून तारेच्या जाळीचा आधार, बायपास १ बार. चेसिसपासून बोटभर जागा राहते, चालेल.
क: रेसिंगवाला, जाड पत्रा, वर पाना लावायला नट वेल्ड केलेला, ५०० पीएसआयला फुटत नाही म्हणतात. कार्यक्षमतेचा आकडा मात्र कुठेच नाही.

२२ नोव्हेंबर

आज सेन्सर बसवले. आणि गॅरेजभर तेल केलं, ते नंतर.

फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर एकाच वेळी पाहिजे. स्पिन-ऑन (आट्यांवर फिरवून बसवायच्या) फिल्टरमध्ये तेल कडेच्या छोट्या भोकांच्या रिंगणातून आत जातं आणि मधल्या आट्याच्या भोकातून बाहेर येतं. मीटर लावायला ब्लॉक आणि फिल्टरच्या मधे बसणारी जी सँडविच प्लेट मिळते तिचं भोक बाहेरच्या रिंगणात, म्हणजे फिल्टरच्या आधी. इतकी वर्षं मी त्या मीटरवर ७० पीएसआय बघून खूश होतो, फिल्टर पूर्ण चोक असता तरी त्याने ७० च दाखवले असते, उलट थोडे जास्तच. कंपनीचा सेन्सर ब्लॉकच्या मेन गॅलरीवर (आतल्या तेलाच्या मुख्य रस्त्यावर) असतो, म्हणजे फिल्टरच्या नंतर. तर एक सेन्सर प्लेटवर, दुसरा गॅलरीच्या प्लगच्या जागी. मधे गॅलरीचा थोडा लॉस धरला जातो पण तिन्ही फिल्टरला तो सारखाच.

मग फिल्टर अ चढवला, स्टार्टर मारला, प्रेशर आलं आणि तीन सेकंदात फिल्टरच्या कडेने चारी बाजूंनी पंख्यासारखं तेल. बंद करेपर्यंत लिटर-दीड लिटर खाली. झालं असं की प्लेट बसवताना मापासाठी जुना फिल्टर चढवून बघितला होता, तो काढला तेव्हा त्याची रबर रिंग प्लेटलाच चिकटून राहिली आणि मी तिच्यावर नवीन फिल्टर त्याच्या रिंगसकट आवळला. दोन रिंगा एकावर एक. हे मी दुसऱ्यांना शंभर वेळा सांगितलेलं आहे. भुसा टाकला, झाडला, परत टाकला. दादा दारात उभे राहून म्हणाले, "रन-इन जोरात चाललंय." (रन-इन म्हणजे नवीन बांधलेलं इंजिन सुरुवातीला चालवून बसवणं.)

आता नियम, काढलेला फिल्टर उलटा करून रिंग त्याच्यावरच आहे ना ते बघायचं, बोटाने प्लेटची कड पुसायची, नवीन रिंगेला तेल लावायचं, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. पान्याने नाही.

२९ नोव्हेंबर

रन-इनच्या पहिल्या वीस मिनिटांचं तेल आणि फिल्टर काढून टाकले, नवीन ५डब्ल्यू-४० भरलं. आज पहिलं खरं मोजमाप, फिल्टर अ वर.

आधी इंजिन बंद असताना दोन्ही सेन्सर शून्य दाखवायला हवेत, एक शून्य दाखवतो, दुसरा ३. दीडशे पीएसआयच्या सेन्सरला ३ म्हणजे काहीच नाही, पण मला मोजायचाय फरकच पाच-दहाचा, त्यात ३ म्हणजे बोंबच. जागा अदलाबदल करून दोनदा घेतलं, सरासरी काढली. वेळ गेला पण त्याशिवाय आकड्यांना अर्थ नव्हता.

तेल १६ डिग्री, आयडलला फरक ७ पीएसआय. हळूच २५०० आरपीएमला नेलं, १३. ३५०० ला १५, आणि मग ४००० ला पण १५. तिथेच थांबला. मी लगेच वहीत लिहिलं "बायपास उघडला!!" दोन उद्गारचिन्हांसकट.

तेल ९५ डिग्री झाल्यावर, ६५०० आरपीएमला फरक फक्त ६. हे तेल १०० डिग्रीला १३-१४ सेंटीस्टोक (दाटपणाचं माप) असतं, ४० डिग्रीला ८०-९०, आणि १६ डिग्रीला तर त्याच्या साधारण तिप्पट. म्हणजे ट्रॅकवर सहा हजारच्या वर फिल्टरवर खूप लोड येत असेल ही माझी जी समजूत होती ती उलटीच निघाली, ट्रॅकवर फिल्टर आरामात असतो, खरा मार त्याला सकाळी पार्किंगमध्ये बसतो.

३० नोव्हेंबर

दादांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, म्हणाले, "१५ ला थांबला म्हणजे बायपासच उघडला कशावरून? पंपाचा रिलीफ उघडला असेल."

झालं, उद्गारचिन्हं वाया. बरोबर आहे त्यांचं. पंप जेवढा फिरेल तेवढं तेल ढकलतो, गिअर पंपाला दुसरं येतच नाही, आणि थंड तेलात प्रेशर लगेच चढतं म्हणून पंपातला रिलीफ व्हॉल्व्ह ते वरच्या वर परत चेंबरमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) सोडून देतो. तो एकदा उघडला की आरपीएम कितीही वाढवा, फिल्टरकडे जाणारं तेल फारसं वाढत नाही, मग फरकही थांबतो. फिल्टरआधीच्या सेन्सरचा लॉग बघितला तर ३००० च्या पुढे ८५ वर सरळ रेघ. म्हणजे रिलीफ उघडा होताच. बायपास पण उघडा होता का, ते अ वरून कळणार नाही.

६ डिसेंबर

कळलं! फिल्टर ब लावला, तेच तेल, सकाळी १५ डिग्री. आयडलला ४, २५०० ला ८, ३५०० ला ११ आणि पुढे ११ च. ब चा बायपास पण १ बारचाच, म्हणजे ११ ला तो उघडायचा प्रश्नच नाही, तरी फरक थांबला, म्हणजे इथे थांबवणारा रिलीफ. आणि अ बरोबर त्याच्या बायपासच्या आकड्यावर, १५ वर येऊन थांबला होता, म्हणजे तिथे बायपास उघडा असणार हे जवळजवळ पक्कं. दादा म्हणाले, "हं." त्यांच्याकडून हे खूप झालं.

गरम तेलात ६५०० ला ब चा फरक साडेतीन. उंचीचा फायदा, घड्यांचं क्षेत्रफळ जास्त, तेवढंच तेल जास्त कागदातून जातं. मीडियाचा वाटा किती आणि उंचीचा किती ते वेगळं काढता आलं नाही, मला काढायचंही नाही.

क बद्दल थोडक्यात: फरक सगळ्यात कमी, थंडीत पण ६ च्या वर गेला नाही. पण काय अडवतोय ते सांगत नाही. दर शर्यतीनंतर तेल बदलणाऱ्याला ठीक, मी हीच गाडी ऑफिसलाही नेतो. बाद.

अजून एक बघितलं ते तेलाचं टेंपरेचर. पाण्याचा काटा मधोमध आला तेव्हा तेल ४४ डिग्री होतं. काटा मधे आला की गाडी गरम झाली म्हणून मी पिळायचो! आता तेल ६० होईपर्यंत २५०० च्या वर नाही, डॅशवर चिकटपट्टीवर लिहून लावलंय.

१३ डिसेंबर

ट्रॅकवरच्या एका मित्राने स्टीलच्या जाळीचा, धुऊन परत वापरायचा फिल्टर आणून दाखवला. दिसायला दागिना, ॲल्युमिनियमची बॉडी, उजेडासमोर धरला की जाळी चमकते. ३५ मायक्रॉन. त्याचा मुद्दा असा की उघडून दोन मिनिटात कळतं आत काय आलंय, हे खरंय आणि मला पटतं पण. पण ३५ च्या खालचं सगळं इंजिनात फिरतं, बायपास नाही, आणि धुताना जाळीच्या कुठल्या बाजूला घाण राहिली हे डोळ्याला दिसत नाही. त्याने केरोसीनमध्ये धुतलेला होता, मी पांढऱ्या कपड्यावर आपटला तर काळे ठिपके पडले. तो म्हणाला कार्बन आहे रे. असेल. मी नाही लावणार.

२० डिसेंबर

माझा फिल्टर आडवा बसतो, म्हणून अँटी ड्रेनबॅक व्हॉल्व्ह महत्त्वाचा, इंजिन बंद झाल्यावर तेल परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून आत रबराची एक टोपी असते ती. साध्या फिल्टरमध्ये ती काळी नायट्राइलची, उष्णतेने कडक होते, ब मध्ये नारिंगी सिलिकॉनची. मागच्या वर्षी सकाळी चालू केल्यावर दोन सेकंद चेनचा खडखड यायचा, तो मी टेन्शनरवर ढकलत होतो. जुन्या कापलेल्या फिल्टरमधली काळी टोपी आज बोटाने वाकवून बघितली, वाकतच नाही, पुठ्ठ्यासारखी. आणि ब रात्रभर उभी राहिलेल्या गाडीवरून काढला तर काठोकाठ भरलेला, अर्धा माझ्या बाहीत गेला. खात्रीसाठी बाही गेली तर गेली.

४ जानेवारी

पहिला ट्रॅक दिवस, वीस-वीस मिनिटांची चार सेशन. तेल सगळ्यात वर ११८ डिग्री, फिल्टरचा फरक दिवसभर ४ च्या आत. संध्याकाळी फरक सकाळपेक्षा वाढलेला नाही म्हणजे फिल्टर चोक होत नाहीये.

५ जानेवारी

ब कापला, कटरने. पिळला, पसरला, टॉर्च तिरका धरून एकेक घडी बघितली. घड्या ताठ, जागच्या जागी. चार-पाच अगदी बारीक चमकणारे कण, चुंबकाला चिकटले, नवीन इंजिनात एवढं चालतं. बेअरिंगचं करडं काही नाही, तांबं नाही. मग तिसऱ्या-चौथ्या घडीत काहीतरी मऊ लागलं, चिमट्याने ओढलं तर शेवईसारखा राखाडी दोरा. अजून एक. अजून दोन. मला वाटलं फिल्टरच्या टोकाचा डिंक सुटला, शिव्या द्यायच्या तयारीत होतो, तेवढ्यात रंग ओळखीचा वाटला. चेंबर बसवताना मी गास्केट पेस्ट लावली होती ती, भरपूर, गळती नको म्हणून. बाहेरून जेवढी पिळून आली तेवढीच आतही आली असणार, आणि सुटून इथे आली.

फिल्टरने पकडली ती पकडली, पण पंपाच्या तोंडाची जाळी फिल्टरच्या आधी असते. दादांना फोन केला. ते म्हणाले, चेंबर उतरव.

६ जानेवारी

उतरवला. जाळीवर पेस्टचे तीन दोरे आडवे आणि एक गोळी, वाटाण्याएवढी. जाळीचा जेमतेम दहावा भाग झाकलेला. चेंबरची कड घासून साफ केली, नवीन ब आणून ठेवलाय, डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिले. उद्या सकाळी चेंबर परत चढवायचा. पेस्ट दादा लावणारेत, मला ट्यूबला हात लावायचा नाही असं सांगितलंय.